मुठीतले गिअर

माझी पहिली शिकवणी १९८३ च्या मे महिन्यात, पर्वतीच्या पायथ्याशी, सकाळी सहा वाजता झाली. शिकवणारे बाबा आणि गाडी चेतक. बजाजची चेतक १९७२ साली आली, त्याच वर्षी फिरोदियांची लूनाही आली आणि सायकलींचं पुणं हळूहळू दुचाक्यांचं झालं.

चेतकचे गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा, मूठ वर फिरवून पहिला टाकायचा, मग खाली आणत दुसरा, तिसरा, चौथा. इंजिन उजव्या कुशीला, म्हणून गाडी तिकडेच ओढायची. बाबा मागची सीट धरून धावायचे आणि ओरडायचे, "क्लच हळू सोड गं!" आठवडाभराने त्यांनी हात कधी सोडला, कळलंही नाही. हेल्मेट मात्र दोघांच्याही डोक्यावर नव्हतं.

१९८८ चा मोटार वाहन कायदा पुढच्या जुलैत लागू झाला. त्यातल्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती आहे. आज मी मुलींना शिकवते, तेव्हा पहिल्या दिवशी गाडी चालू करतच नाही. आधी हेल्मेटचा पट्टा, मग गाडी ढकलणं, स्टँडला लावणं. त्यानंतर क्लच कुठे धरतो ते ओळखणं, इंग्रजी आठचा आकडा काढणं आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबणं.

बाबांनी मला तोल दिला, धीर दिला. त्यात हेल्मेटची भर आपण घालायची. लेकीला गाडीची किल्ली देण्याआधी तिच्या हाती हेल्मेट द्या.