चार आकड्यांचं कूळ

एटीएमच्या पिनला बाप दोन आहेत, आणि ब्रिटनच्या राणीने दोघांनाही मानाची पदवी देऊन टाकली. एकाला २००५ मध्ये, दुसऱ्याला २००६ मध्ये. भाऊबंदकी मिटवायची ही सरकारी रीत आपल्याला नवी नाही.

जास्त नाव झालं ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचं. जन्म शिलाँगचा, १९२५ सालचा. नोकरी डे ला रू या नोटा छापणाऱ्या कंपनीत. (नाशिकचा छापखाना निघेपर्यंत हिंदुस्थानची टपाल तिकिटंही हीच कंपनी छापायची.) १९६५ मधल्या एका शनिवारी ते बँकेत पोचले तर दार नुकतंच बंद झालेलं. घरी टबात डुंबताना डोक्यात आलं, नाणं टाकलं की चॉकलेट देणारं यंत्र असतं, मग पैसे देणारं का नसावं? बार्कलेज बँकेने कल्पना उचलून धरली आणि २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधल्या एनफिल्ड शाखेच्या भिंतीत यंत्र बसलं. पहिले पैसे काढण्याचा मान रेग वार्नी या विनोदी नटाला मिळाला.

या यंत्राला प्लास्टिकचं कार्ड चालत नसे. बँकेतून खास कागदी चेक आधीच आणून ठेवायचे आणि एकेक यंत्रात सरकवायचा. एका चेकला दहा पौंड. त्या कागदात कार्बन-१४ हे किंचित किरणोत्सारी द्रव्य मुरवलेलं असे, त्यावरून यंत्र चेक ओळखायचं. मग ग्राहकाने आपला गुप्त क्रमांक दाबायचा. किरणोत्साराचं नाव काढताच लोक बिचकणार, म्हणून शेफर्ड-बॅरन यांच्याकडे हिशोब तयार होता: असे १,३६,००० चेक खाल्ले तरच अपाय होईल.

क्रमांक किती आकडी ठेवायचा? लष्करातला स्वतःचा नंबर त्यांना पाठ होता, म्हणून मनात सहा आकडे होते. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी पत्नी कॅरोलाइन यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतील. झाले चार. २००७ मध्ये बीबीसीला हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. बारशाची गोष्ट बापाच्या तोंडून ऐकली की जरा रंगतेच; पण तिची जागा घेईल अशी दुसरी गोष्ट कोणी पुढे आणलेली नाही.

कागदपत्रं मात्र दुसऱ्या बापाच्या बाजूने बोलतात. जेम्स गुडफेलो हे स्कॉटलंडचे, ग्लासगोत स्मिथ्स कंपनीत इंजिनियर. शनिवारी शाखा बंद ठेवा असा कर्मचारी संघटनांचा रेटा होता आणि बँकांना शाखेबाहेर पैसे देणारं काहीतरी हवं होतं. माणूस ओळखायचा कसा, हाच पेच. आवाज, बोटांचे ठसे हे सगळं त्या काळात आवाक्याबाहेरचं. तेव्हा गुडफेलोंनी भोकं पाडलेलं कार्ड आणि दहा बटणं अशी जोडी जमवली. कार्ड खिशात, क्रमांक डोक्यात. एक चोरीला गेलं तरी दुसऱ्यावाचून चोराचं अडतं. त्यांच्या पेटंटवर तारीख आहे २ मे १९६६. कागदांवर सह्या केल्याबद्दल त्यांना दहाएक पौंड मिळाले. शेफर्ड-बॅरन यांनी पेटंट घेतलंच नाही. घेतलं असतं तर सगळी रीत चोरांना वाचायला मिळाली असती, असं त्यांचं कारण. मला विचाराल तर पिन गुडफेलोंचा आणि त्याची लांबी कॅरोलाइनबाईंची.

चार आकड्यांच्या जोड्या होतात दहा हजार. संगणकाला त्या सगळ्या तपासायला क्षणही लागणार नाही. पण भिंतीतलं यंत्र तीन चुका झाल्या की थांबतं, पूर्वी तर कार्डच गिळायचं. पिनचा सगळा जोर त्या तिसऱ्या चुकीवर आहे. अडचण एवढीच, की लोक दहा हजारांतून निवडतच नाहीत. १२३४, नाहीतर जन्मतारीख. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हिशोब मांडला, की पाकिटात जन्मतारखेचा पुरावा असेल तर हुशार चोराला दर ११ ते १८ पाकिटांमागे एक कार्ड वापरता येईल.

बँकेच्या बाजूचं गणित याहून मजेदार आहे. सत्तरच्या दशकात आयबीएमने रूढ केलेल्या रीतीत खाते क्रमांक बँकेच्या गुप्त किल्लीने सांकेतिक करतात. उत्तर येतं सोळा चिन्हांत: ० ते ९ आणि ए ते एफ. त्यातली पहिली चार घ्यायची. पण बटणांवर अक्षरं नाहीत, म्हणून ए चा ०, बी चा १, असं करत एफ चा ५. पिन तयार. म्हणजे ० ते ५ हे आकडे दोन वाटांनी येतात, ६ ते ९ एकाच. त्यामुळे अशा पिनमध्ये लहान आकड्यांची गर्दी. ग्राहकाला स्वतःचे आकडे हवे असतील तर दोन्हींतला फरक तेवढा साठवायचा. खुद्द पिन लिहून ठेवायची गरज नाही. २००३ मध्ये केंब्रिजच्याच माइक बाँड आणि प्योत्र झिलिन्स्की यांनी दाखवलं, की बँकेतल्याच कोणी हा अक्षर-आकड्यांचा तक्ता बदलत नेला तर सरासरी पंधरा प्रयत्नांत पिन हाती लागतो.

आपल्याकडे पहिलं एटीएम एचएसबीसीने १९८७ मध्ये मुंबईत लावलं. पुढे पिनचं पाकीट टपालाने घरी येऊ लागलं. त्याच्या आत कार्बन असे. छपाईच्या ठोक्याने आकडे आतल्या कागदावर उमटत, बाहेर कोरं. कडा फाडून, उजेडाकडे धरून ते फिके आकडे वाचायचे आणि पाकीट नष्ट करायचं, असा दंडक. ते पासबुकात जपून ठेवणारी घरं थोडी नव्हती. १ डिसेंबर २०१३ पासून दुकानातही डेबिट कार्डाला पिन लागू लागला आणि पेट्रोल पंपावरचा पोऱ्या मशीन हातात धरून विचारू लागला, "पिन बोला." मागे रांग उभी, आणि लोक खुशाल बोलायचे.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पिन फोनमध्ये शिरला. तिथे तो चार किंवा सहा आकडी असतो आणि लागतो पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही. फसवणाऱ्याचा फोन येतो तो नेमका इथे: "तुमचे पैसे परत करतोय, तेवढा पिन टाका." तीन चुकांचा पहारा इथे कामाचा नाही, कारण पिन अगदी बरोबर पडतो, तो टाकणारा खुद्द खातेदारच असतो.