वनस्पतींच्या जातींतर्गत जीनोम-आकारातील भिन्नता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एकाच जातीच्या सर्व वनस्पतींच्या पेशीकेंद्रकांत डीएनएचे प्रमाण सारखेच असते काय, आणि पर्यावरणाचा या प्रमाणाशी काही संबंध असतो काय, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तथापि गेल्या पाऊणशे वर्षांत त्याचे उत्तर वारंवार बदलले आहे. हा बदल जितका निसर्गाविषयीच्या नव्या ज्ञानामुळे, तितकाच मोजमापाच्या पद्धतींमुळे घडून आला. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

स्थिरतेचा सिद्धांत

‘जीनोम’ ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी १९२० मध्ये रूढ केली. १९४८ मध्ये ब्वाव्हँ व व्हेंद्रेली या फ्रेंच संशोधकांनी प्राण्यांच्या विविध ऊतींतील केंद्रकांत डीएनएचे प्रमाण समान असून शुक्रपेशीत ते निम्मे असते, असे दाखविले. १९५० मध्ये ह्यूसन स्विफ्ट यांनी रंजनपद्धतीने वनस्पतींच्या केंद्रकांतही तशीच स्थिरता नोंदविली. डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य आहे, या मतास त्यामुळे बळ मिळाले आणि ‘प्रत्येक जातीचे डीएनए-प्रमाण ठरलेले असते’ हे विधान पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

जवसाचा अपवाद

या विधानास पहिला मोठा धक्का जवसाने दिला. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे ॲलन डरंट यांनी जवसाच्या एका वाणास निरनिराळी खते दिली. त्यातून निर्माण झालेला रोपांच्या आकारातील फरक पुढील पिढ्यांतही टिकून राहिला (१९६२). पुढे मोठ्या व लहान रोपांच्या डीएनए-प्रमाणात सुमारे १६ टक्के फरक असल्याचे नोंदविले गेले. त्यानंतरच्या दशकांत वाटाणा, सोयाबीन इत्यादी अनेक वनस्पतींविषयी असेच दावे पुढे आले.

संशयाचा काळ

व्हिएन्ना येथील योहान ग्रायलहुबर यांनी या दाव्यांची कसून फेरतपासणी केली. टॅनिनसारखी पेशीतील द्रव्ये रंजनक्रियेत अडथळा आणतात आणि प्रत्यक्षात नसलेला फरक दिसू लागतो, असे त्यांनी दाखवून दिले. वाटाणा (१९९४) व सोयाबीन (१९९७) यांत पूर्वी वर्णिलेली भिन्नता फेरमोजणीत टिकली नाही. सूर्यफुलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रकाशाच्या प्रभावाने सूर्यफुलातील डीएनएचे प्रमाण बदलते, असे प्राइस व जॉन्स्टन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले होते. परंतु सूर्यफुलाच्या पानांतील द्रव्येच रंजकाची चमक कमी करतात, हे २००० मध्ये याच संशोधकांनी सहकाऱ्यासह दाखविले. स्वतःच्या निष्कर्षाची अशी फेरतपासणी हा विज्ञानाच्या इतिहासातील अनुकरणीय प्रसंग होय.

भिन्नतेची पुनर्स्थापना

याचा अर्थ सर्वच भिन्नता आभासी होती असा नव्हे. जवसातील काही बदल पुढे डीएनएच्या थेट तपासणीतही आढळले. स्वीडनमधील ॲराबिडॉप्सिसच्या १८० वंशांच्या अभ्यासात (२०१३) जीनोम-आकारात १० टक्क्यांहून अधिक फरक दिसला. रायबोसोमशी संबंधित जनुकांच्या प्रतींची कमी-अधिक संख्या हे त्याचे मुख्य कारण होते. मक्याच्या जीनोमचा सुमारे ८५ टक्के भाग जागा बदलणाऱ्या डीएनए-घटकांनी व्यापलेला असल्याचे २००९ मध्ये स्पष्ट झाले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मेक्सिको व दक्षिण अमेरिका या दोन्ही प्रदेशांतील मक्याच्या पारंपरिक वाणांत समुद्रसपाटीपासूनची उंची वाढते तसा जीनोमचा आकार घटतो. जीनोम लहान असल्यास पेशीनिर्मिती जलद होऊन फुलोरा लवकर येतो. उंचावरील थंड हवामानात हे उपयुक्त ठरत असावे, असे संशोधकांनी सुचविले.

निष्कर्ष

जातींतर्गत स्थिरता हा अढळ नियम नाही, तसेच पर्यावरणानुसार आढळणारा प्रत्येक फरकही खरा नसतो. दोन वनस्पतींच्या ऊती एकत्र कापून, एकाच नमुन्यात मोजल्यावर दोन स्वतंत्र शिखरे मिळाली, तरच त्यांतील फरक विश्वसनीय मानण्याची आजची पद्धत याच अनुभवातून दृढ झाली आहे. पर्यावरणाचा प्रभाव शोधण्यापूर्वी मोजमापातील दोष शोधणे आवश्यक आहे, हा या इतिहासाचा बोध होय. तो वनस्पतिशास्त्राइतकाच मोजमापावर आधारलेल्या इतर ज्ञानशाखांनाही लागू पडतो.