‘आहे’ कीं ‘आहेत’ ?

वचनाचा विचार म्हणजे शाळेंतल्या पोरांचा पाठ, अशी सुशिक्षितांचीहि सामान्य समजूत असते. इंग्रजी भाषेंत मात्र समुदायवाचक नामांचें वचन हें नेहमींच नाजूक प्रकरण आहे. समिति, सैन्य, सरकार, कुटुंब अशा अर्थाच्या शब्दांना इंग्लंडांतील लेखक प्रसंगीं एकवचनी क्रियापद जोडतो, प्रसंगीं अनेकवचनी. समुदाय एकजीव म्हणून डोळ्यांपुढें आला म्हणजे पहिलें. त्यांतील माणसें सुटीं सुटीं दिसूं लागलीं म्हणजे दुसरें. मराठींत याच्या उलट. एकटे गुरुजी आले तरी आपण आदरानें बहुवचन योजतों, पण फौज कितीहि मोठी असली तरी ती ‘आली’च. हा भेद मौजेचा म्हणून सोडून देतां आला असता. परंतु एका मोठ्या राष्ट्राच्या नांवांतच तो घोळ शिरला. त्या नांवांत एक वस्तु आहे कीं अनेक, आणि त्याच्या पोटांत कोणकोण येतात, या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत सहा लाखांहून अधिक माणसें रणांत व रोगराईनें मेलीं.

४ जुलै १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याची जी सुवाच्य प्रत सह्यांसाठीं तयार केली गेली, तिच्या मथळ्यांत ‘तेरा संयुक्त संस्थानें’ असे शब्द आहेत, आणि त्यांतील ‘युनायटेड’ हा शब्द लहान अक्षरानें सुरू होतो, ‘स्टेट्स’ मोठ्या अक्षरानें. लेखनिकाच्या हातून असें सहजहि झालें असेल. पण अर्थाशीं तें जुळतें. ‘संयुक्त’ हें तेव्हां विशेषण होतें, नांव नव्हे. १७८१ मध्यें अंमलांत आलेल्या संघपत्राच्या पहिल्या कलमानें या जोडशब्दाला नांवाची प्रतिष्ठा दिली, आणि लगेच दुसऱ्या कलमानें प्रत्येक संस्थानाचें सार्वभौमत्व त्याच्या पदरीं कायम ठेवलें. एका हातानें बांधलेली मोट दुसऱ्या हातानें सोडण्याचाच हा प्रकार होता.

१७८७ ची राज्यघटना तरी या बाबतींत स्पष्ट असेल असें वाटतें. पण तिच्यांतील सर्वनामें पाहावीं. राजद्रोहाच्या कलमांत ‘युनायटेड स्टेट्स’विरुद्ध युद्ध पुकारणाराचा उल्लेख आहे, तेथें पुढचें सर्वनाम ‘इट’ नाहीं, ‘देम’ आहे, ‘त्याच्याशीं’ नव्हे, ‘त्यांच्याशीं’. किताबांच्या कलमांतहि अधिकारपद ‘त्यांच्या’ हाताखालचें. अध्यक्षानें युनायटेड स्टेट्सकडून ‘किंवा त्यांपैकीं कोणाकडूनहि’ ठरलेल्या वेतनापलीकडे कांहीं घेऊं नये, असें एका ठिकाणीं म्हटलें आहे. १७९५ च्या अकराव्या दुरुस्तींत तर ‘युनायटेड स्टेट्सपैकीं एक’ असाच प्रयोग आढळतो. आज कोणी अमेरिकन असें लिहील तर त्याचें इंग्रजी कच्चें आहे असें लोक म्हणतील.

त्याच घटनेच्या आरंभीं मात्र निराळाच सूर लागला आहे. ६ ऑगस्ट १७८७ रोजीं सभेपुढें आलेल्या मसुद्याची सुरुवात ‘आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसाच्युसेट्स, ऱ्होड आयलंड...’ अशी तेराहि संस्थानांच्या नांवांची माळ ओवून झालेली होती. १२ सप्टेंबरला भाषाशुद्धीच्या समितीकडून मसुदा परत आला तेव्हां ती माळ गळून गेली होती आणि ‘वुई दि पीपल ऑफ दि युनायटेड स्टेट्स’ हे शब्द तेथें बसले होते. त्या समितींत लेखणी मुख्यत्वें गव्हर्नर मॉरिस याची. (‘गव्हर्नर’ हें त्याचें नांव, हुद्दा नव्हे.) या फेरफाराला व्यवहाराची अडचणहि होती. नऊ संस्थानांनीं मान्यता दिली कीं घटना त्यांच्यापुरती लागू व्हावयाची होती. तीं नऊ कोणतीं हें कोणास ठाऊक? ऱ्होड आयलंडनें तर सभेला प्रतिनिधीच धाडला नव्हता. तेव्हां नांवें घालावीं तर फजिती होण्याचा संभव.

पण अडचणींतून निघालेला शब्द सोयीपुरता राहिला नाहीं. जून १७८८ मध्यें व्हर्जिनियाच्या सभेंत पॅट्रिक हेन्री यानें नेमकें त्यावरच बोट ठेविलें. ‘आम्ही लोक’ म्हणण्याचा यांना अधिकार काय? ‘आम्ही संस्थानें’ असें कां नाहीं? मॅडिसननें दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे. करार करणारे लोकच खरे, परंतु एकच एक मोठा समाज या नात्यानें नव्हे, तर तेरा सार्वभौम समाज या नात्यानें, असा त्याचा आशय होता. ‘पीपल’ हा शब्द दिसावयास एकवचनी, अर्थानें अनेकवचनी. त्या फटींत मॅडिसननें आपली पाचर मारली. हेन्रीला व्याकरण अधिक कळत होतें कीं मॅडिसनला, हें ठरविणें कठीण; आमच्या मतें हेन्रीची भीति खरी होती आणि मॅडिसनचें उत्तर तेवढ्या वेळेपुरतें होतें.

हा झाला एक कीं अनेक हा वाद. ‘लोक’ म्हणजे कोण, हा दुसरा वाद याहून दारुण. ज्या घटनेनें गुलामगिरी चालूं दिली, तिच्या मूळ मसुद्यांत ‘गुलाम’ हा शब्द एकदांहि येत नाहीं. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना ‘इतर सर्व व्यक्तींच्या तीन-पंचमांश’ मोजाव्या असें सांगितलें; पळून गेलेल्या गुलामाला ‘सेवेस बांधलेली व्यक्ति’ म्हटलें; आफ्रिकेंतून माणसें आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करूं नये, हें सांगतांनाहि ‘अशा व्यक्ति’ एवढाच उल्लेख केला. माणसावर मालकी असूं शकते ही कल्पना घटनेंत शिरूं देणें अनुचित, असें मॅडिसननें सभेंत म्हटलें होतें. लिंकननें १८५४ च्या पिओरिया येथील भाषणांत या लपवालपवीला रोगी माणूस आपली गांठ कपड्याखालीं झांकतो त्याची उपमा दिली आहे. ‘इतर’ या शब्दावर इतका भार क्वचितच कोणी टाकला असेल.

शब्द झांकलेला असला म्हणजे तो कोणीहि आपल्याकडे ओढूं शकतो. ६ मार्च १८५७ रोजीं ड्रेड स्कॉट खटल्यांत सरन्यायाधीश टॅनी यानें निर्णय दिला कीं ‘युनायटेड स्टेट्सचे लोक’ आणि ‘नागरिक’ हे समानार्थी शब्द असून आफ्रिकन वंशाचे लोक त्यांत येत नाहींत. याला सडेतोड उत्तर स्वतः गुलामगिरींतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसनें १८६० मध्यें ग्लासगो येथील व्याख्यानांत दिलें: घटनेंत ‘आम्ही लोक’ असें आहे, ‘आम्ही गोरे लोक’ असें नाहीं, जें विशेषण कायदा करणारांनीं घातलें नाहीं तें वाचणारानें कां घालावें? याच डग्लसनें १८५२ मध्यें रॉचेस्टरच्या स्वातंत्र्योत्सवांत श्रोत्यांना सांगितलें होतें कीं हा दिवस तुमचा, माझा नव्हे. या दोन भाषणांत विरोध आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तो दिसत नाहीं. पहिल्यांत तो वस्तुस्थिति सांगतो, दुसऱ्यांत शब्दावरील आपला हक्क.

येथें मराठी वाचकाच्या ध्यानांत एक गोष्ट सहज येईल, जी इंग्रज वैयाकरणाला समजावून सांगावी लागते. आपल्या भाषेंत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यानें ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यानें तो आंत येतो. इंग्रजींत दोहोंना मिळून एकच ‘वुई’. फिलाडेल्फियाच्या सभागृहांत मराठी चालली असती तर मॉरिसला एक शब्द निवडावा लागला असता. टॅनीनें त्या शब्दाचा अर्थ ‘आम्ही’ केला, डग्लसनें ‘आपण’.

यादवी युद्ध १८६५ मध्यें संपलें. त्यानंतर ‘आहेत’चें ‘आहे’ झालें, असें अमेरिकेंत सांगण्याची प्रथा आहे. दक्षिणेच्या सैन्यांत लढलेला ग्रीक भाषेचा पंडित गिल्डरस्लीव्ह यानें तर पुढें अर्धवट विनोदानें म्हटलें कीं त्या युद्धाच्या मुळाशीं कर्ता व क्रियापद यांच्या मेळाचा प्रश्न होता. कथा सुरेख आहे, पण इतिहास इतका आज्ञाधारक नसतो. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी दुरुस्ती युद्धाच्या अखेरची. तिच्यांतहि युनायटेड स्टेट्स व ‘त्यांच्या’ हुकमतीखालील प्रदेश, असें अनेकवचनच आहे! तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतहि अनेकवचन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होतें, असें अलीकडे शोधकांनीं दाखविलें आहे. आणि माजी परराष्ट्रमंत्री फॉस्टर यांना एकवचनाची बाजू मांडण्यासाठीं १९०१ मध्येंहि वृत्तपत्रांत लेख लिहावा लागला. तलवारीनें जें एका दिवसांत ठरलें तें जिभेला वळण पडेपर्यंत आणखी एक पिढी गेली. ‘व्यक्ति’ या शब्दाचें भाग्य मात्र कायद्यानें लौकर उजळलें. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें तेथें जन्मलेल्या व तेथील हुकमतीखालील सर्व व्यक्ति नागरिक ठरविल्या. परंतु त्याच दुरुस्तीनें मताधिकाराच्या संदर्भांत ‘पुरुष’ हा शब्द घटनेंत प्रथमच आणला, आणि स्त्रियांना १९२० पर्यंत तिष्ठत ठेविलें.

महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध जोतीराव फुल्यांनीं जोडला. १८७३ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनीं युनायटेड स्टेट्सच्या सज्जन लोकांना अर्पण केली, हबशी गुलामांच्या मुक्तीसाठीं त्यांनीं केलेल्या त्यागाबद्दल. ज्या ‘पीपल’ शब्दावरून इतकें रक्त सांडलें, तोच शब्द इंग्रजी अर्पणपत्रिकेंत योजून फुल्यांनीं आपल्या शूद्र बांधवांसाठीं त्या लोकांचा कित्ता पुढें ठेविला. आपल्या जुन्या भूगोलांत त्या देशाचें नांव ‘संयुक्त संस्थानें’ असेंच येई, म्हणजे जें अनेकवचन अमेरिकन हळूहळू विसरत होते तें मराठीनें जपून ठेविलें. पुढें ‘अमेरिका’ या सुटसुटीत नांवानें तेंहि मागें पडलें.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनापरिषदेंत मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं हा सगळा इतिहास डोळ्यांपुढें ठेविला होता. भारताला ‘फेडरेशन’ न म्हणतां ‘युनियन’ कां म्हटलें, याचें कारण त्यांनीं सांगितलें: हा संघ घटकराज्यांच्या करारांतून जन्मलेला नाहीं, म्हणून कोणत्याहि घटकाला तो सोडून जाण्याचा अधिकार नाहीं, आणि हें ठरविण्यासाठीं अमेरिकनांना यादवी युद्ध करावें लागलें. पहिल्याच कलमांत ‘राज्यांचा संघ’ असें आलें. राज्यें अनेक, संघ एक, क्रियापद संघाचें. उद्देशिकेच्या आरंभीं मराठी भाषांतरानें ‘आम्ही, भारताचे लोक’ असे शब्द घेतले, ‘आपण’ नव्हे. परंतु तें दीर्घ वाक्य संपतें तेथें हे ‘आम्ही’ आपलें संविधान दुसऱ्या कोणाला देत नाहींत, ‘स्वतःप्रत’ अर्पण करितात.