तोंड येणं: मुंबईच्या गिरण्यांपासून भंडाऱ्यापर्यंत

भंडारा जिल्ह्यात कुणाला ब्लड कॅन्सर निघाला की बहुधा नागपूरची वाट धरावी लागते. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून रेल्वेनं, नाहीतर एसटीनं. केमो घेऊन माणूस लाखनी-साकोलीकडे परततो, आणि आठवडा-दीड आठवड्यात त्याचं तोंड येतं. घरचे म्हणतात, उष्णता वाढली. मग तुरटीच्या गुळण्या सुरू. या तोंड येण्यामागचा इतिहास आज आपण पाहू. तो सुरू होतो मुंबईत.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की त्या सुधारत. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढे कळलं. ते कमी पडलं की रक्त तर घटतंच, पण जीभही लाल होते, सोलवटते. हे लक्षात ठेवू या.

पुढे अमेरिकेत आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक अ‍ॅसिड तयार केलं, आणि त्याला अडवणारी औषधंही. त्यातलंच अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. १९४८च्या त्यांच्या लेखात १६ मुलं आहेत. १० जणांना उतार पडला, तोही तात्पुरता. आणि त्याच लेखात तोंडाच्या फोडांची नोंद आहे! सुब्बाराव दोनच महिन्यांनी वारले.

तेव्हा ही उष्णता नव्हे. औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतं, आणि तोंडाचं अस्तर तर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नवं होत असतं. ते झडतं, नवं येत नाही. त्याच सुमारास पांढऱ्या पेशीही तळाला जातात. मग तो फोड म्हणजे जंतूंना उघडं दार. पांढरा बुरशीचा थरही बसतो. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं. कित्येक जण हे लपवतात, डॉक्टर केमो थांबवतील या भीतीनं. आमच्या मते खरा धोका इथं आहे. फोडांसोबत १०० च्या वर ताप चढला तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

घरी मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, तिखटाऐवजी थंड केलेली तांदळाची पेज. भाताच्या जिल्ह्यात तिला काय तोटा? खर्रा मात्र बंद. (सभेत हसू येतंय, पण आम्ही गंमत करत नाही.)

अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियात देतात. मोठा डोस दिला की नंतर ठरल्या तासांना ल्युकोव्होरिन द्यावं लागतं. ते फॉलिक अ‍ॅसिडचंच एक रूप, गिरणीतल्या बायकांना मार्माइटमधून मिळालं त्याच घराण्यातलं. एक वेळ चुकली तरी तोंड सोलून निघू शकतं. म्हणून गोळ्या घरी दिल्या असतील तर कागदावरचे तास घड्याळ लावून पाळा.