राजापूर लोकसभा मतदारसंघ गेला कुठे?

‘राजापूर’ हा लोकसभा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. १९५७ साली तो पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला आणि २००४ ची निवडणूक त्याची शेवटची ठरली. मधल्या काळात तिथे १३ सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि निवडून आले फक्त चार जण: बॅ. नाथ पै तीनदा, प्रा. मधु दंडवते पाचदा, मेजर सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा.

राजापूरबद्दल बोलताना बहुतेक जण इथेच थांबतात. ‘कोकणी माणूस सुशिक्षित, जाणता, म्हणून त्याने बॅरिस्टर आणि प्राध्यापक निवडले,’ हे वाक्य मी मुलाखतींमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते लिहून घेणंही सोडून दिलंय. वाक्य खोटं नाही, पण त्यातून फार काही उलगडतही नाही. या लेखात दोन प्रश्न वेगळे करून बघू. एक, राजापूरने कुणाला निवडलं आणि का? दोन, राजापूर हा मतदारसंघच नकाशावरून का गेला? पहिल्यावर भरपूर लिहिलं गेलंय. माझं संशोधन मुख्यतः दुसऱ्यावर आहे.

लाटेविरुद्धचा मतदारसंघ

आधी थोडे आकडे. १९६२ साली महाराष्ट्रात लोकसभेच्या ४४ जागा होत्या, त्यातल्या ४१ काँग्रेसने जिंकल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले मोठमोठे नेते त्या निवडणुकीत पडले. उरलेल्या तीन जागांपैकी दोन विदर्भातल्या अपक्षांकडे गेल्या. तिसरी राजापूर, तिथे प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै.

१९७१ ला इंदिरा गांधींची लाट. ४५ पैकी ४२ काँग्रेस. मतदानाला काही आठवडे उरले असताना, १८ जानेवारीला नाथ पैंचं बेळगावात निधन झालं. त्यांच्या जागी पक्षाने दंडवत्यांना उभं केलं. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या नाथ पैंसारखे ते काही ‘आपल्या गावचे’ नव्हते. तरी निवडून आले. त्या वर्षी अख्ख्या देशात प्रजासमाजवादी पक्षाला दोनच जागा मिळाल्या, त्यातली ही एक.

१९८४ ला तर ४८ पैकी ४३ काँग्रेस. राजापूरमधून पुन्हा दंडवतेच, आता जनता पक्षाचे म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, घराघरात मुंबईची मनीऑर्डर येत होती, गिरणीतल्या युनियनचं वारं गावात येत होतं, म्हणून तिथे समाजवादी रुजले. मलाही सुरुवातीला ही मांडणी पटण्यासारखी वाटते. पण ती तपासायची एक सोपी युक्ती आहे: शेजारी बघा.

राजापूरच्या उत्तरेला रत्नागिरी मतदारसंघ. तीच जमीन, तेच चाकरमानी, तीच मनीऑर्डर. पण रत्नागिरीने १९५७ ला जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडले, १९६२ आणि ६७ ला काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, १९७१ ला काँग्रेसचे शांताराम पेजे, १९८४ ला काँग्रेसचे हुसेन दलवाई. म्हणजे १९६२, ७१ आणि ८४ या तिन्ही लाटांत रत्नागिरी लाटेबरोबर गेली आणि राजापूर उभं राहिलं. कारण जर फक्त स्थलांतर असतं, तर दोन्हीकडे साधारण सारखं दिसायला हवं होतं.

तेव्हा ‘कुणाला निवडलं’ याचं उत्तर स्थलांतरात मिळत नाही. ते माणसांत आणि संघटनेत शोधावं लागतं. दक्षिणेकडे सेवादलाची शाखा, शाळामास्तर आणि वाडीवाडीवरचे कार्यकर्ते यांचं जाळं होतं. नाथ पैंनी त्या जाळ्याला चेहरा दिला आणि दंडवत्यांना ते तयार मिळालं. १९९१ ला दंडवते पडले तोवर हे जाळं विरलं होतं. तरुण पोरं शिवसेनेच्या शाखेत जायला लागली होती. १९९० च्या विधानसभेला मालवणमधून नारायण राणे निवडून आले होते. ९१ ला जागा काँग्रेसच्या सावंतांना मिळाली, पण १९९६ पासून ती शिवसेनेच्या प्रभूंकडे गेली ती शेवटपर्यंत.

यातली एक गोष्ट मला नेहमी टोचते. कोकण रेल्वे हा या मतदारसंघाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न. नाथ पैंनी तो लावून धरला. दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. आणि १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली तेव्हा दंडवते खासदार नव्हते, त्यांचा पक्षही कोकणात उरला नव्हता.

मग मतदारसंघ कशाने गेला?

२००८ च्या पुनर्रचनेने. ही पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. ‘राजकारण्यांनी राजापूर कापलं’ असं गावाकडे ऐकू येतं. पण आधी हिशोब करून बघू, तो घरीही करता येईल.

२००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख. भागिले ४८. एका खासदारामागे साधारण २० लाख माणसं. रत्नागिरी जिल्हा सुमारे १७ लाख, सिंधुदुर्ग ८ लाख ७० हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून २५ लाख ७० हजारांच्या खालीच. म्हणजे वाट्याला येतात सव्वा खासदार! पूर्वी दोन होते.

विधानसभेचंही तेच. २८८ ने भागलं तर एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार. रत्नागिरीला पाच, सिंधुदुर्गला तीन. एकूण आठ. लोकसभेच्या एका जागेत सहा बसतात, म्हणून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी यांचा ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ झाला आणि उरलेले दापोली, गुहागर रायगडला जोडले. मालवण, वेंगुर्ला ही नावं विधानसभेच्या यादीतूनही गेली. २००९ ला नव्या मतदारसंघातून प्रभू उभे राहिले आणि काँग्रेसच्या निलेश राणेंकडून हरले.

आणि त्याच पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्यात जागा वाढल्या: ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. डोंबिवली, दिवा, नालासोपारा इथल्या चाळी-सोसायट्यांत गणपतीला ‘गावाक’ जाणारी किती घरं आहेत हे मी सांगायला नको. माणसं गेली आणि त्यांच्या मागोमाग खासदारकीही गेली.

कायद्यानेही यात पळवाट नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचं किंवा ताब्यात आहे म्हणून कुणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. गावाला घर, घरात देव, सातबाऱ्यावर नाव; तरी मत जिथे राहता तिथेच. नियम रास्त आहे. पण ज्या प्रदेशाचं अर्थकारणच ‘एक पाय गावात, एक मुंबईत’ असं आहे, तिथे तो काय करतो हे बघायला हवं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात सर्वाधिक. पुरुष कामाला बाहेर, हे त्या आकड्यातच दिसतं. २०११ चे आकडे घेऊन वरचा हिशोब पुन्हा केला, तर दोन्ही जिल्ह्यांचा मिळून वाटा एका खासदाराच्या जरासाच वर भरतो. पुढची पुनर्रचना येईल तेव्हा दक्षिणेतली राज्यं जो मुद्दा मांडतात (‘आमची वाढ कमी म्हणून आमचा आवाज कमी का?’), तोच कोकण राज्याच्या आत मांडू शकेल. फरक एवढाच की कोकणातली माणसं जन्माला आली नाहीत असं नाही. ती कामासाठी बाहेर गेली. मुंबई उभी करायला त्यांचे हात लागले, आणि त्याची किंमत गावाने प्रतिनिधित्वात मोजली.

म्हणून माझा आग्रह असा की मतदारसंघाचा इतिहास खासदारांच्या नावांवर संपवू नये. नाथ पैंपासून प्रभूंपर्यंतची यादी सगळ्यांना पाठ आहे. त्या प्रत्येक निवडणुकीत यादीत नाव कुणाचं होतं, आणि कुणाचं नाव मुंबईच्या यादीत सरकलं होतं, हे मात्र अजून नीट कुणी लिहिलेलं नाही. सध्या मी त्याच्याच मागे आहे. तुमच्या घरात गिरणीत किंवा गोदीत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना एकच विचारा: १९७७ ला मत कुठे दिलंत, मुंबईत की गावाला? उत्तर मला जरूर कळवा.