दुसऱ्या खेपेला पितळ उघडे का पडते?

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आला, की त्याच्या कारभारातली एखादी भानगड बाहेर येते, असे पुष्कळदा घडले आहे. निक्सन, रेगन, क्लिंटन ही नावे आपल्या ऐकण्यातली आहेत. सत्ता मुरली की माणूस बिघडतो, असे म्हणून आपण मोकळे होतो. सनावळी घोकून घेतो म्हणून मुले आम्हां मास्तरांवर चिडतात; पण इथे सनावळीच गुपित फोडते.

१७ जून १९७२. मध्यरात्र उलटलेली. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली. त्याने ती काढून टाकली. पुन्हा फेरीला येतो, तो पट्टी परत जागेवर! त्याने पोलीस बोलावले आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण सापडले. ही गोष्ट निक्सन यांच्या पहिल्याच कारकिर्दीतली, बरं का. नोव्हेंबरात निवडणूक झाली. ५० पैकी ४९ राज्ये त्यांनी जिंकली. आरोपींचा खटला उभा राहिला जानेवारी १९७३ मध्ये. मते आधी मोजली गेली, साक्षी मागाहून झाल्या.

मार्चमध्ये एका आरोपीने न्यायाधीशांना कळवले, की आमच्यावर गप्प राहण्याचे दडपण होते, खटल्यात खोट्या साक्षी झाल्या. मग सिनेटच्या चौकशी समितीची सुनावणी सुरू झाली. जुलैत कळले, की अध्यक्षांच्या कचेरीतली बोलणी ध्वनिफितींवर उतरलेली आहेत. त्यांतल्या कळीच्या फिती हाती यायला आणखी वर्ष गेले. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांनी पद सोडले. कोंबडे झाकून उजाडायचे राहत नाही हे खरे, पण निवडणूक तेवढी पार पडते.

क्लिंटन यांचे प्रकरणही १९९५ चे. फुटले जानेवारी १९९८ मध्ये. रेगन यांचे मात्र निराळे. इराणला शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला, हे दुसऱ्या खेपेतच घडले आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये उघड झाले. त्याच महिन्यात सिनेटही विरोधकांनी जिंकले, म्हणजे चौकशीच्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला आल्या. शिवाय १९५१ च्या घटनादुरुस्तीमुळे तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही. अशा अध्यक्षासाठी स्वपक्षीय तरी किती दिवस ढाल धरणार?

हार्डिंग यांना तर दुसरी खेप लाभलीच नाही. सरकारी तेलाच्या जमिनी त्यांच्या मंत्र्याने, आल्बर्ट फॉल यांनी, १९२२ मध्ये खाजगी कंपन्यांना दिल्या. १९२३ मध्ये हार्डिंग वारले. लाच घेतल्याबद्दल फॉल तुरुंगात गेले ते १९३१ साली. तोवर व्हाइट हाउसमध्ये हार्डिंगनंतरचे दुसरे अध्यक्ष राहत होते.