काठीचा फेर आणि असईचे मैदान

गेल्या मोहरमनंतर हसनाबादला घरी गेलो होतो. रात्रीचे जेवण झाले आणि भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला. पडद्यावर चीनमधली एक लढत चालू होती. एका बाजूला ताई-चीचा गुरू म्हणून नाव असलेला वेई लेई, समोर आधुनिक पद्धतीने लढणारा शू श्याओतुंग. एप्रिल २०१७मध्ये चेंगडू शहरात झालेली ही लढत काही सेकंदांतच संपली. गुरूने हात संथपणे पुढे धरले, समोरचा सरळ अंगावर गेला, ठोसे बसले, गुरू खाली.

अशी चित्रफीत पाहून पोरे हसतात. भाचा हसला नाही. त्याने एवढेच विचारले, "मामू, अपने अखाडे का भी ऐसाच है क्या?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे काळजी होती. हा मुलगा कामासाठी रात्री-अपरात्री एकटा प्रवास करतो. एकट्यादुकट्या माणसाला जमावाने घेरून मारल्याच्या चित्रफिती त्याच्या पिढीने शाळेत असतानाच पाहिल्या आहेत. लहानपणापासून तो आमच्या गल्लीच्या अखाड्यात काठी फिरवतो. ती काठी वेळ आली तर कामाला येईल का, हे त्याला खरेखुरे जाणून घ्यायचे होते. "हो बेटा, येईल" असे सांगून त्याला झोपायला पाठवणे सोपे होते. मला ते जमले नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर मी एकदा स्वतःच्या कानावर घेतले आहे.

मी एकोणीस वर्षांचा असेन. जुलूसमध्ये बनेटी आणि काठी फिरवणाऱ्यांत माझे नाव घेतले जायचे. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलचा धक्का लागण्यावरून दोन टोळक्यांत जुंपली आणि मी मधे सापडलो. हातात काठी होती. हातांनी नेमके तेच केले जे त्यांना माहीत होते, डोक्यावरून एक सुंदर फेर घेतला. फेर पूर्ण व्हायच्या आत समोरच्याने कानशिलात दिली. काठी कुठे पडली ते कळलेही नाही. मला बाजूला ओढले ते धान्याच्या दुकानावरच्या एका हमालाने. त्याने तरुणपणी तांबड्या मातीत कुस्त्या केल्या होत्या. त्याने कोणाला मारले नाही. मारणाऱ्याचे मनगट धरले आणि सोडले नाही, बस्स.

त्या रात्री उस्तादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या काठीने आजवर हवाच मारली आहे. हवा उलटून मारत नाही." पुढे इतिहास वाचू लागलो तसे हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

तालीम म्हणजे काय?

'तालीम' हा शब्द अरबी. अर्थ शिक्षण. मराठीत तो व्यायामशाळेचा झाला. फारसी 'उस्ताद' मराठी मातीत आला आणि 'वस्ताद' झाला. महाराष्ट्रात कसरतीची आणि कुस्तीची परंपरा कोणा एका धर्माची कधीच नव्हती, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. तो या शब्दांत आहे.

पण तालमीत दोन प्रकारचे शिक्षण चालते आणि आपण त्यांत गल्लत करतो. एक कुस्तीचे. दुसरे काठी, पट्टा, बनेटी यांचे. कुस्तीत डोळ्यात बोट घालायचे नाही, चावायचे नाही, गळा आवळायचा नाही. म्हणजे धोक्याच्या गोष्टी बाहेर ठेवल्या आहेत. त्यामुळेच उरलेले सगळे पूर्ण ताकदीने करता येते, आणि समोरचाही पूर्ण ताकदीने विरोध करतो. काठी-पट्ट्यात उलट आहे. डोके फोडायचे, मनगट छाटायचे वार सगळे शिकवतात, पण ते जोडीदारावर खरेखुरे घालता येत नाहीत. मग ते हवेत घालायचे, किंवा ठरवून घालायचे. हळूहळू वाराची जागा फेर घेतो आणि फेर देखणा होत जातो.

जपानमध्ये कानो जिगोरो यांनी १८८२मध्ये जुदोची कोदोकान ही संस्था सुरू केली तेव्हा नेमका हाच हिशोब केला. जुन्या जुजुत्सूतले घातक डाव मुक्त सरावातून बाजूला काढले आणि राहिलेल्या डावांचा सराव पुरा जोर लावून करायला लावला. ऐकायला विचित्र वाटते, पण कमी घातक डाव शिकलेला माणूस जास्त तयार होतो. आमच्या मातीतल्या पहिलवानाला हे कोणी न सांगता माहीत होते.

आपल्याकडच्या मल्लखांबाची कथाही इथे आठवते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले आणि त्यांनी पुण्याला आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागून घेतली, सप्तशृंगीला जाऊन लाकडी खांबावर डावांचा सराव केला आणि परत येऊन अलीला चीत केले, अशी आख्यायिका आहे. मला ती आवडते. पण ती ऐकताना एक गोष्ट निसटते. खांब पकडीची ताकद देईल, चपळाई देईल. खांब पेच सोडवून उलटा डाव टाकत नाही. ते शिकायला बाळंभटालाही माणूसच लागला असणार. आख्यायिका त्या जोडीदाराचे नाव ठेवत नाही.

केळणा आणि जुई

याच दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तो मान्य नव्हता. त्यातून जे युद्ध पेटले ते थेट आमच्या जिल्ह्यात येऊन पोचले. सप्टेंबर १८०३मध्ये आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले, दोन वाटांनी भोकरदनकडे जायचे ठरले. स्टीव्हन्सन पोचायच्या आतच २३ सप्टेंबरला वेलस्लीची गाठ मराठ्यांच्या फौजेशी पडली. जागा होती केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले असई. भोकरदन तालुक्यातल्या माणसाला या नद्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. इंग्लंडमध्ये मात्र असई आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सराव लढाईला तयार करतो का, या प्रश्नाची एवढी मोठी परीक्षा आमच्या परिसरात दुसरी झालेली नाही.

शिंद्यांचे पायदळ म्हणजे काही हौशी गर्दी नव्हती. महादजी शिंद्यांनी द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या अधिकाऱ्याकरवी उभ्या केलेल्या कंपूंची ती परंपरा होती. बंदूक भरणे, रांग धरणे, हुकमासरशी वळणे, सगळी कवायत युरोपी पद्धतीची. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. असईला त्यांचा सेनापती होता पोलमान हा हॅनोव्हरचा माणूस. बेगम समरूच्या पलटणीही आल्या होत्या. नियमित पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभरच्या आसपास, शिवाय हजारो घोडेस्वार. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरलेली फौज साडेचार हजारांच्या घरात.

वाटाड्यांनी सांगितले की केळणेला पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे दिसली. शेजारची गावे नदीतून ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, असा अंदाज त्याने बांधला. उतार सापडला. हे कोणत्या कवायतीत शिकवत नाहीत.

आता तो मराठ्यांच्या बगलेवर आला होता. एवढी मोठी फौज ऐन वेळी तोंड वळवू शकणार नाही, असा त्याचा हिशोब होता. तो चुकला. पोलमानच्या पलटणींनी काटकोनात वळून नवी आघाडी धरली आणि तोफांचा मारा सुरू झाला. वर्षानुवर्षांची कवायत त्या घटकेला सोन्यासारखी उतरली. इंग्रजांच्या तोफांचे बैल मारले गेले, तोफा जागीच अडकल्या. वेलस्लीने तोफा मागे सोडून पायदळाला संगिनी घेऊन पुढे जायला सांगितले.

इथे शिंद्यांच्या गोलंदाजांची गोष्ट सांगायलाच हवी. शत्रू अंगावर येईपर्यंत ते तोफा सोडून हलले नाहीत. अनेक जण तोफांजवळच कापले गेले. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर डागू लागले. वेलस्लीला परत वळून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. मला वाटते, त्या मैदानावर ज्यांचा सराव आणि काम यांत सर्वांत कमी अंतर होते ते हे गोलंदाज. खरी तोफ, खरी दारू, खरा दणका. त्यांच्या रोजच्या तालमीत हवेचा भाग थोडा होता.

मग एवढ्या कवायती फौजेची हार का झाली? कारण कवायतीत एक गोष्ट कधी घेतली गेली नव्हती. हुकूम देणाराच नसेल तर काय करायचे? कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडले होते, त्यांतले बरेच लढाईआधीच निघून गेले. दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांनी मैदान सोडले. हजारो घोडेस्वारांचा मोठा भाग बघत राहिला. एकेक शिपाई तयार होता, एकेक पलटण तयार होती. पण कोणाच्या मागे कोण उभे राहणार, याची तालीम झाली नव्हती.

विजय इंग्रजांनाही फुकट मिळाला नाही. ४२८ ठार, अकराशेहून जास्त जखमी, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसरा हिस्सा. हाच वेलस्ली पुढे १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला. तरीही आपल्या आयुष्यातली सर्वांत उत्तम लढाई म्हणून तो असईचेच नाव घ्यायचा.

अडगावला काय झाले?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग उत्तर सोपे आहे, सराव पुरेसा नाही, प्रत्यक्ष लढाईचा अनुभव हवा. पण पुढचे दोनच महिने पाहा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला, आजच्या अकोला जिल्ह्यात, पुन्हा गाठ पडली. वेलस्लीच्या ज्या देशी पलटणी असईच्या भयंकर माऱ्यात टिकल्या होत्या, त्यांतल्या तीन पलटणी इथे तोफांचे पहिले गोळे येताच पळत सुटल्या. वेलस्ली जवळच होता म्हणून त्याने त्यांना थांबवले, मागे नेऊन पुन्हा रांगेत उभे केले आणि तीच माणसे परत लढायला गेली.

कवायत तीच, अनुभव ताजा, माणसेही तीच. एका दिवशी उभी राहिली, दुसऱ्या दिवशी पळाली, आणि कोणीतरी पुढे येऊन उभे राहिल्यावर पुन्हा थांबली. भीती ही एकदा हरवून कायमची संपणारी गोष्ट नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने समोर येते.

जोतीरावांची रात्र

पुण्यात लहुजी साळवे यांची तालीम होती. तिथे जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. १८५६मध्ये रात्री दोन मारेकरी त्यांच्या घरात शिरल्याची हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. अंगात तालमीची ताकद असलेल्या या माणसाने त्या रात्री हात उचलला नाही. तुम्हाला कोणी पाठवले, माझ्याशी तुमचे काय वैर, असे विचारत बोलायला सुरुवात केली. आलेले दोघे पुढे त्यांचेच सहकारी झाले. जोतीरावांचा तो धीर लहुजींच्या तालमीतून आला असा दावा मी करणार नाही. पण तालमीत घाम गाळलेल्या माणसाला मारामारीची घाई नसते, हे मी आमच्या त्या हमालाच्या हातात पाहिले आहे.

भाच्याला काय सांगितले

त्याला मी सांगितले, काठी सोडू नकोस. ती आपल्या गल्लीची आठवण आहे, अंग मोकळे ठेवते आणि उस्तादांसमोर मान झुकवायला शिकवते. पण तिच्यावर जिवाचा भरवसा ठेवू नकोस. आठवड्यातून दोन दिवस मातीत उतर, जिथे समोरचा तुला खरोखर पाडायला बघतो. पडायची सवय झालेल्याचे पाय पहिल्या धक्क्याला थिजत नाहीत, किंवा थिजले तरी लवकर सुटतात. एकटा माणूस समोर असेल तर एवढ्याने निभावेल, बहुधा पळून जाण्यापुरते. आणि पळून येणे ही हार नाही.

"और जमाव रहा तो?" त्याने विचारले.

जमावासमोर कुठलीच तालीम पुरत नाही, हे मी त्याला सरळ सांगितले. दहा हजारांच्या कवायती फौजेचे जे झाले तेच तुझे होईल, तयारी पूर्ण आणि पाठीशी कोणी नाही. जमावापासून वाचवतो तो आधी जोडून ठेवलेला माणूस. रात्रीच्या गाडीतला ओळखीचा सोबती, कामावरचा मित्र, बाजारातला हमाल. मला वाचवणाऱ्या त्या हमालाचा आणि माझा धर्म वेगळा होता. पण बाजारात तो माझ्या अब्बांना रोज सलाम करायचा आणि अब्बा त्याला चहा पाजायचे. माझ्यासाठी त्याने मनगट धरले, त्याची तालीम त्या चहाच्या टपरीवर वीस वर्षे चालू होती.

भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अखाड्यात गेला नाही, बाजारात गेला. त्या हमालाचा मुलगा आता तिथे कुस्ती शिकवतो का, हे विचारायला.